झोप कोणाची

गेल्या सप्टेंबरात एका कामासाठी पणजीला गेलो होतो. सावंतवाडीच्या बसला अजून दीड तास होता, म्हणून मांडवीच्या काठाने चालत जुन्या सचिवालयापर्यंत आलो. पाऊस नुकताच थांबला होता. आदिलशहाच्या त्या वाड्याच्या पागोळ्या अजून गळत होत्या आणि शेजारच्या पुतळ्याच्या पुढे केलेल्या बोटांच्या टोकांवरून पाण्याचे थेंब एकेक करून खालच्या ब्राँझच्याच बाईच्या अंगावर पडत होते. मी ते थेंब पाहत उभा असताना छत्री मिटत एक वयस्कर गृहस्थ पत्नीसह जवळ आले आणि त्यांनी विचारले, "हे कोण हो?" मी म्हणालो, "आबे फारिया. इथलेच, कांदोळीचे. संमोहन करून माणसाला झोपवणारा जगातला पहिला माणूस." गृहस्थ खूश झाले. "आमच्याकडे पाठवा म्हणावं, हिला रात्रभर झोप नसते," असे म्हणून ते हसले. पत्नी हसली नाही. त्यांनी पुतळ्याचा एक फोटो काढला, मला नमस्कार केला आणि दोघे पुढे गेले.

बस पत्रादेवीपर्यंत आली तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या एका वाक्यात मी दोन चुकीच्या गोष्टी सांगितल्या होत्या. फारिया पहिला नव्हता, ही चूक एक वेळ चालून जाईल. पण तो माणसाला झोपवत असे, हे मी सांगायला नको होते. मी कोणालाही झोपवत नाही, हेच सांगण्यात त्या माणसाच्या आयुष्याची शेवटची सहा वर्षे गेली. त्याच पायी त्याची टिंगल झाली, शिष्य पांगले, आणि जाताना त्याच्या कबरीवर नाव लिहायलाही कोणी उरले नाही. एवढे सगळे वाचून माहीत असताना त्याच्याच पुतळ्याखाली उभे राहून मी नेमके उलटे बोललो होतो. ते गृहस्थ कुठले, हेही मी विचारले नव्हते, त्यामुळे चूक दुरुस्त करायची सोय नव्हती.

चूक माझी असली तरी तिच्यात त्या पुतळ्याचाही थोडा हात आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली तिथे बसवला गेला. शिल्प म्हणून तो विलक्षण आहे. पाद्र्याचा पायघोळ झगा, पुढे झेपावलेले शरीर, पसरलेले दोन्ही पंजे आणि त्या पंजांखाली मागे कोसळत असलेली स्त्री पाहिली की पाहणाऱ्याला वाटते, काहीतरी त्या बोटांतून निघते आहे आणि तिच्यात शिरते आहे. कलाकाराने क्षण अचूक पकडला आहे. पण ज्या कल्पनेशी फारिया भांडला, तीच कल्पना ब्राँझमध्ये ओतली गेली आहे.

कांदोळीत ३१ मे १७५६ रोजी जन्मलेला जुझे कुस्तोदियु द फारिया हा कोलवाळच्या कायतानु व्हितोरिनु आणि कांदोळीच्या रोझा मारिया यांचा मुलगा. आईवडिलांचे पटले नाही. पण ते वेगळे झाले ते अशा रीतीने की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. चर्चची परवानगी काढून वडील पाद्री झाले आणि आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिकाच्या मठात जोगीण झाली. पोराच्या वाट्याला घर म्हणून काय उरले असेल, याचा विचार चरित्रांमध्ये फारसा सापडत नाही. पंधराव्या वर्षी वडील त्याला घेऊन लिस्बनला गेले, तिथून रोमला. १७८० साली तो पाद्री झाला. कांदोळीला तो पुन्हा कधी आला नाही. आई मागे राहिली. समुद्रावरून येणारा वारा सांता मोनिकाच्या त्या जाड भिंतींना कसा लागत असेल, हे मी एकदा तिथे उभे राहून पाहिले आहे. आत काहीच ऐकू येत नाही.

लिस्बनमधली ती भाजीची गोष्ट गोव्यात सगळ्यांना ठाऊक असते. राणीसमोर प्रवचन द्यायला तरुण फारिया उभा राहिला, समोरचा थाट पाहून त्याची दातखीळ बसली, आणि व्यासपीठाजवळ लपलेल्या वडिलांनी कोंकणीत हळूच म्हटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." मग त्याची वाचा मोकळी झाली. या गोष्टीला कागदाचा आधार नाही, ती तोंडोतोंडी चालत आलेली आहे. तरीही ती मला सोडवत नाही. आमच्याकडे आपण भाजी चिरतो, कातरतो ते कापड. पण त्या "कातर रे" मध्ये जो बापाचा घोगरा आवाज आहे तो चिरण्यात आला नसता. पुढे ज्या विद्येमुळे त्याचे नाव झाले तिचा पहिला धडा त्याला राजवाड्यातच मिळाला, असे चरित्रकार म्हणतात. एका शब्दाने माणसाची जीभ सुटते, तर एका शब्दाने ती बांधलीही जाईल. मला मात्र त्या गोष्टीत आणखी एक बारकावा दिसतो. वडिलांनी प्रवचनातले एक वाक्यही पुरवले नव्हते. शब्द मुलाजवळच होते.

१७८७ साली गोव्यातली पोर्तुगीज सत्ता उलथवण्याचा पिंटोंचा कट उघडकीस आला. त्यात पुढच्या वर्षी पंधराजणांना पणजीत देहदंड झाला. कटातल्या पाद्र्यांची लिस्बनमध्ये या बापलेकांशी ऊठबस होती, त्यामुळे संशय त्यांच्यावरही आला. १७८८ साली मुलगा पॅरिसला निघून गेला. म्हणजे एका बंडातून सुटला आणि बरोबर क्रांतीच्या तोंडावर जाऊन उतरला.

त्याआधीच्या दहा वर्षांत पॅरिसला दुसरेच वेड लागले होते. व्हिएन्नाहून आलेला मेस्मर नावाचा डॉक्टर सांगत होता की विश्वात चुंबकत्वाचा एक अदृश्य द्रव भरून आहे, त्याचा प्रवाह अडला की माणूस आजारी पडतो, आणि तो प्रवाह आपण हाताने मोकळा करू शकतो. त्याच्या दालनात बायका झटके येऊन पडत आणि उठल्यावर बरे वाटते म्हणत. १७८४ साली राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन, लाव्हाझिए, गियोताँ असे लोक तिच्यात होते. त्यांनी डोळे बांधून, झाडे बदलून प्रयोग केले. जिथे चुंबकत्व दिलेच नव्हते तिथेही माणसे कोसळली, आणि दिले होते पण सांगितले नव्हते तिथे काहीच झाले नाही. समितीने निकाल दिला, द्रव वगैरे काही नाही, हा कल्पनेचा परिणाम आहे. आणि विषय संपला असे समजून सगळे घरी गेले. त्याच वर्षी मार्की द प्युईसेग्यूर या जमीनदाराच्या हाताखाली व्हिक्तोर नावाचा एक शेतकरी शांत झोपी गेला आणि झोपेत स्वच्छ बोलू लागला. म्हणून म्हटले, फारिया पहिला नव्हता. फारिया ही विद्या शिकला तो प्युईसेग्यूरकडून, आणि आपले पुस्तक त्याने त्यालाच अर्पण केले. मात्र त्या पुस्तकात गुरूचा द्रव पार मोडीत काढला.

समितीचे शहाणे लोक जिथे थांबले तिथून फारिया पुढे गेला, हे मला त्याचे मोठेपण वाटते. कल्पनेचा परिणाम आहे, म्हणजे काही नाही, असे ते म्हणाले. फारियाला हा प्रश्न पडला की बाहेरून काहीच येत नसताना माणूस कोसळतो, त्याला दुखत नाही, त्याचा हात लुळा पडतो, तर मग हे सगळे करते कोण?

१८१३च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावरच्या ४९ क्रमांकाच्या घरात त्याने जाहीर वर्ग सुरू केले. प्रवेश पाच फ्रँक. वय सत्तावन्न. उंच, सावळा, पिकत चाललेल्या केसांचा हा पाद्री आधी लांबलचक व्याख्यान देई, आणि त्याचे फ्रेंच उच्चार ऐकून समोरचे लोक, विशेषतः नटूनथटून आलेल्या स्त्रिया, तोंडाला रुमाल लावत. मग प्रयोग. नोआझे नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी ते पाहायला जात असे, त्याने ते लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला ठाऊक आहेत. फारिया माणसाला आरामखुर्चीत बसवी, डोळे मिटायला सांगे, झोपेवर मन एकवटायला सांगे, आणि तो स्वस्थ झाला की मोठ्याने म्हणे, "दॉर्मे!" झोपा. एवढेच. नाही जमले तर पुन्हा म्हणे. तरी नाही जमले तर आपला उघडा तळवा डोळ्यांसमोर धरी आणि हळूहळू जवळ आणी. तरीही नाही, तर तुम्ही त्यातले नाही, असे सांगून सोडून देई. मेस्मरची पाण्याची टाकी, लोखंडी कांड्या, मागून येणारे संगीत, अंगावरून फिरवायचे हात, हे सारे त्याने काढून टाकले होते. उरला एक शब्द, आणि तो शब्दही निमित्तमात्र आहे असे त्याचे म्हणणे होते. झोप येते ती झोपणाऱ्याच्या एकाग्रतेमुळे. आपल्यात काही शक्ती नाही, इच्छाशक्तीसुद्धा नाही.

पाच फ्रँक देऊन आलेल्या माणसाला हे ऐकायचे नसते.

सातवीत असताना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात संमोहनाचे प्रयोग झाले होते. तालुक्याच्या गावातली शाळा, हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या, त्यांना गोदामातला ओला वास. काळा कोट घातलेले ते गृहस्थ कोण, कुठले, मला आठवत नाही. त्यांनी दहा मुलांना स्टेजवर घेतले, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून हात ताठ पुढे धरायला लावले आणि सांगितले की मी तीन म्हटले की ही बोटे सुटणार नाहीत, कितीही ओढा. एक, दोन, तीन. माझ्या शेजारच्या मुलाची बोटे सटकन सुटली, तो फिसकन हसला, आणि त्याला खाली पाठवण्यात आले. माझी सुटली नाहीत. मी ओढत होतो, नखे मागच्या हातात रुतत होती, कपाळावरून घाम येत होता, आणि बोटे सुटत नव्हती. मग शिपाईकाकांच्या पितळी तांब्यातले पाणी आम्हा उरलेल्या चौघांना दिले गेले आणि ते कारल्याचा रस आहे असे सांगितले गेले. मी तोंड वाकडे केले. सगळा हॉल हसला. ते पाणी कडू होते. जिभेच्या मागच्या बाजूला ती चव मला आजही आणता येते. आणि ते साधे पाणी आहे, त्याला तांब्याच्या चिंचेने घासलेल्या कडेचा वास येतो आहे, हेही त्याच क्षणी मला माहीत होते. या दोन आठवणींपैकी कोणतीही एक खोटी ठरवायला मी तयार नाही.

घरी आल्यावर आईने विचारले, "खरंच झोपला होतास का रे?" मी हो म्हणालो. तिने मान हलवली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. बाबा मात्र दोन दिवस माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. पोरगा इतका मऊ निघाला याची त्यांना काळजी वाटली असावी. फारियाही म्हणत असे की पाच-सहा माणसांत एखादाच असा निघतो. त्याचे कारण मात्र त्याने रक्ताच्या पातळपणात शोधले, आणि इथे आपण त्याची बाजू घेऊन चालत नाही. जाड रक्ताच्या माणसाला ही झोप लागत नाही, रक्त काढले की तो माणूस तयार होतो, असे तो गंभीरपणे लिहितो. झोपलेल्या माणसाला दूरचे दिसते, स्वतःच्या देहातला आजार कळतो, यावरही त्याचा विश्वास होता. ज्याने एक भ्रम इतक्या निर्दयपणे खरवडून काढला त्याने शेजारचे दोन तसेच राहू दिले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो आपल्या नावाखाली, धर्मशास्त्राचा डॉक्टर या पदवीच्याही आधी, 'ब्राह्मण' असे छापतो. घराणे ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षे झाली होती. हा जातीचा ताठा होता की काळ्या कातडीला हसणाऱ्या पॅरिसला दिलेले उत्तर, की पूर्वेकडच्या गूढ माणसाला गिऱ्हाईक जास्त मिळते हा व्यवहार, हे मी ठरवू शकलेलो नाही. तिन्ही असावे. त्याच्याविषयी माझे मन स्वच्छ होत नाही ते अशा जागी.

कॅनरीचा किस्सा फ्रेंच लेखक शातोब्रियाँने आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. एका सरदारीणबाईंच्या घरी जेवताना फारियाने आपण चुंबकत्वाने कॅनरी पक्षी मारून दाखवू अशी प्रौढी मिरवली. पक्ष्याला काहीच झाले नाही आणि पाद्रीबुवांनाच तिथून निघून जावे लागले. लेखकाने तो मिटक्या मारत सांगितला आहे. हा क्लिशी रस्त्याच्या बराच आधीचा काळ, म्हणजे स्वतःच्या हातात शक्ती आहे असे फारियालाही कधीतरी वाटत होते, असे मी धरून चालतो. पुढे तो तसे म्हणेनासा झाला. कॅनरीसमोर फजिती झालेल्या किती जणांनी आपली विद्या मुळापासून बदलून घेतली असेल?

मग तो नट आला. फारियाच्या वर्गात तो इतरांसारखा बसला, डोळे मिटून झोपेचे उत्तम सोंग वठवले, आणि ऐन प्रयोगात डोळे उघडून बुवांची खिल्ली उडवली. पॅरिसला एवढे पुरे होते. १८१६ साली व्हारिएते थिएटरात या चुंबकवेडावर प्रहसन लागले आणि त्यातला ठक कोण हे कोणाला सांगावे लागले नाही. थिएटरात लोकांची गर्दी झाली आणि क्लिशीच्या घरातली हळूहळू आटली. त्याचे हसे करणाऱ्यांची जमात मोठी मजेदार आहे. द्रवावर विश्वास असणाऱ्यांना तो द्रोही वाटे, कारण तो द्रव नाकारत होता. डॉक्टरांना तो भोंदू वाटे, कारण द्रव नाकारूनही तो माणसे झोपवत होता. काही धर्मगुरूंना यात सैतानाचा हात दिसे. तिघांचे आपसात पटत नव्हते, पण फारियाबाबत एकमत होते. तो एका मुलींच्या शाळेत धर्मगुरूची जागा पत्करून बाजूला झाला आणि लिहीत बसला. चार भागांचे पुस्तक ठरले होते. पहिला भाग १८१९ साली निघाला आणि त्याच सप्टेंबरात तो गेला. मॉन्मार्त्रमध्ये कुठेतरी निनावी पुरला गेला.

त्या नटाचा मला कित्येक वर्षे राग होता. पुढे मार्टिन ओर्न या अमेरिकी संशोधकाविषयी वाचले. विसाव्या शतकाच्या मध्यात त्याने काही माणसांना मुद्दाम सोंग करायला सांगितले, काहींना खरोखर संमोहित केले, आणि अनुभवी संमोहनकारांनाही दोघांतला फरक ओळखणे जड गेले. म्हणजे फारिया फसला यात त्याच्या विद्येचा कमीपणा नव्हता. पण ओर्नला एक फरक सापडला, आणि तो वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या खुर्चीत अमुक माणूस बसला आहे असे सांगितले आणि तोच माणूस खराखुरा मागे उभा केला, तर सोंग करणारे गोंधळत आणि दोघांपैकी एकाला नाकारत. संमोहित माणसाला दोन्ही दिसत आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नसे. पाणी आणि कारल्याचा रस.

फारियाचा निरोप पोचायला वेळ लागला. नोआझेकडून तो पुढच्यांकडे गेला, तिथून फ्रान्समधल्या नान्सीच्या लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांकडे, आणि तिथे 'सूचना' हा शब्द वैद्यकात रुजला. दरम्यान १८४३ साली ब्रेड या स्कॉटिश शल्यवैद्याने या झोपेला 'हिप्नॉटिझम' हे ग्रीक नाव दिले आणि तेच जगभर चालले. त्याच सुमारास एका गाजलेल्या फ्रेंच कादंबरीत फारियाचे नाव मार्सेच्या समुद्रातल्या तुरुंगात खजिना सांगणाऱ्या इटालियन कैद्याला मिळाले. खरा फारिया मार्सेत तत्त्वज्ञान शिकवत होता, कैदेत नव्हता. पण जग आज ओळखते ते त्या कैद्याला. खऱ्याला कागदांतून उकरून काढले ते गोव्याच्याच डॉ. दालगादो यांनी, १९०६ साली. मृत्यूनंतर सत्याऐंशी वर्षांनी त्याचे पुस्तकही पुन्हा छापले ते त्यांनीच.

डिसेंबरात पुन्हा पणजीला गेलो तेव्हा ऊन होते आणि पुतळ्यापाशी एक कॉलेजचा घोळका होता. एक मुलगा फारियासारखे पंजे पसरून उभा राहिला होता, एक मुलगी मागे कलली होती, तिसरा फोटो काढत होता. "डोळे मीट ना," तो ओरडत होता. ती हसू दाबत होती, आणि हसू दाबता दाबता एकदाची स्थिर झाली. चेहरा खरोखर सैल पडला, हात लोंबकळला. क्षणभर. मी पहिल्यांदाच त्या शिल्पातल्या पाद्र्याकडे न पाहता बाईकडे नीट पाहिले. ती पडते आहे, पण कोणी ढकललेले माणूस पडते तशी नाही.

तिथे उभ्या उभ्या मी चौथऱ्याआड दोन्ही हातांची बोटे गुंफून पाहिली. शाळेतल्या त्या दुपारचे एक मी आईला सांगितले नव्हते, अजून कोणालाच सांगितलेले नाही. ते कोटवाले गृहस्थ आमच्याकडे पाठ करून प्रेक्षकांशी बोलत होते तेव्हा माझे डाव्या हाताचे अंगठ्याजवळचे बोट आपसूक सुटले होते. मी ते पाहिले, आणि त्यांनी वळण्याआधी हळूच परत आत घेतले. मग ते वळले, म्हणाले, "सोडवा आता," आणि मी सगळा जोर लावून ओढले. ते सुटले नाही.